नव्या पत्त्यांचा बंदोबस्त

भंडारा जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ नाही. १९२३ साली नागपुरात स्थापन झालेल्या आणि पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण केलेल्या विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात नागपूर, वर्धा व गोंदिया यांच्यासह हा जिल्हा मोडतो. त्यामुळे तुमसरापासून लाखांदुरापर्यंत आणि साकोलीपासून पवनीपर्यंत विखुरलेल्या महाविद्यालयांचे प्रवेश, परीक्षा, निकाल व पत्रव्यवहार हे सारे दूरच्या नागपुराशी निगडित आहे, आणि पूर्वी जो व्यवहार एस.टी.ने जाणाऱ्या कारकुनाच्या बस्त्यातून चालत असे तो आता बव्हंशी संगणकांच्या जाळ्यातून चालतो. या जाळ्याच्या पायाशी जी पत्त्यांची व्यवस्था आहे ती जुनी झाली असून तिच्या जागी नवी आणण्याची वेळ केव्हाच येऊन ठेपली आहे. ही नवी व्यवस्था, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलची सहावी आवृत्ती, एखाद्या विद्यापीठाने व त्याच्या संलग्न महाविद्यालयांनी कशी अंगीकारावी, तिची पूर्वतयारी कोणत्या क्रमाने करावी आणि त्या तयारीत यंत्रांपेक्षा दप्तराचे महत्त्व अधिक का, याचा सर्वसामान्य वाचकांसाठी विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक विसंगती ध्यानात घ्यावी. पवनीचा एखादा विद्यार्थी वैनगंगेच्या काठी बसून आपल्या मोबाइलवर एखादे व्याख्यान ऐकत असतो, तेव्हा त्याच्या नकळत तो बहुधा या सहाव्या आवृत्तीवरच असतो. परंतु तोच विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकातून आत येऊन तेथील वाय-फायला फोन जोडतो, तेव्हा तो बहुतांशी १९८१ साली सिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत परत जातो. विद्येचे स्थान मागे आणि विद्यार्थ्याचा खिसा पुढे, असा हा प्रकार आहे. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने जेव्हा आपली सेवा सुरू केली तेव्हा कोट्यवधी ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते जगाच्या बाजारात मिळणे दुरापास्त झाले होते, म्हणून त्या कंपनीला नवी आवृत्ती आरंभापासूनच स्वीकारावी लागली. इतर मोबाइल कंपन्या त्याच वाटेने गेल्या आणि पाहता पाहता भारत या बाबतीत जगातील अग्रेसर देशांत गणला जाऊ लागला. गूगलच्या मोजणीप्रमाणे भारतातून येणाऱ्या वापरकर्त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक आज सहाव्या आवृत्तीने येतात. महाविद्यालयांना मात्र अशी निकड कधी भासली नाही. त्यांचे काम कसेबसे चालत होते, आणि जे कसेबसे चालते ते बदलण्याची उत्सुकता कोणत्याही कचेरीत क्वचितच आढळते.

जुने पत्ते संपले म्हणजे नेमके काय झाले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. चौथ्या आवृत्तीत तो ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण क्रमांक ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होऊ शकतात. हा आकडा ज्या काळी ठरला त्या काळी सगळ्या जाळ्यात मिळून काही शेच संगणक होते, आणि त्यामुळे वाटपात हात सैल राहिला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्थेला, म्हणजे एमआयटीला, एकटीला १,६७,७७,२१६ पत्त्यांचा सलग गट मिळाला होता, आणि २०१७ मध्ये त्यातील मोठा भाग विकण्याइतपत तो तिला अतिरिक्त ठरला. भारतात एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा आरंभ १९८६ चा, आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे पंगतीत आपण बसलो तोवर पुष्कळसे वाढप होऊन गेले होते. ३ फेब्रुवारी २०११ या दिवशी जागतिक कोठारातील शेवटचे गट विभागीय संस्थांना वाटून देण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात आशिया-प्रशांत विभागाच्या एपनिक या संस्थेने आपल्याकडील शिल्लक साठ्यावर कडक नियंत्रण घातले.

तरीही महाविद्यालये चालली, कारण एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो यंत्रे दडवण्याची एक युक्ती आधीच प्रचारात आली होती. आतल्या यंत्रांना खासगी क्रमांक द्यायचे आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर दारातल्या यंत्राने आपलाच सार्वजनिक क्रमांक चढवायचा, अशी ती युक्ती. तिने काळ निभावून नेला हे मान्य केले पाहिजे. परंतु तिची किंमतही पडते: कोणत्या क्षणी कोणत्या विद्यार्थ्याने कोणता क्रमांक वापरला याचा माग काढणे दुष्कर होते, आतल्या प्रयोगशाळेतील यंत्राशी बाहेरून सरळ संबंध जोडता येत नाही, आणि पुरवठादारानेही हीच युक्ती आपल्या पातळीवर केली असेल, जी तो आता सर्रास करतो, तर दडवणुकीवर दडवणूक होऊन सारा व्यवहार अधिकच अपारदर्शक बनतो.

सहाव्या आवृत्तीचा मूळ आराखडा स्टीव्ह डीअरिंग व रॉबर्ट हिंडन यांनी लेखबद्ध केला आणि तो १९९५ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. (पाचवी आवृत्ती कोठे गेली, असा प्रश्न चौकस वाचक विचारतील, तो क्रमांक ध्वनी व चित्र वाहून नेण्याच्या एका प्रायोगिक पद्धतीला आधीच देऊन झाला होता.) या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असतो, आणि म्हणून एकूण पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी भरते. अशा संख्यांनी मती गुंग करण्यात अर्थ नाही. व्यवहारात महत्त्वाचे एवढेच की, एका संस्थेला साधारणतः ४८ बिटांचा उपसर्ग, म्हणजे पत्त्याचा ठरलेला पुढचा भाग, मिळतो, प्रत्येक उपजाळ्यासाठी ६४ बिटांचा उपसर्ग वापरण्याचा शिरस्ता आहे, आणि या दोहोंमधले १६ बिट संस्थेच्या स्वाधीन राहतात. म्हणजे साकोलीतील एखाद्या लहानशा महाविद्यालयालाही ६५,५३६ उपजाळी आखता येतात. इतकी मोठी मोकळीक हाती आली म्हणजे तिचे काय करावे, हा नियोजनाचा खरा प्रश्न आहे.

या ठिकाणी आपल्याच प्रांतातील एका जुन्या कारभाराची आठवण उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यप्रांतात जमिनीचा बंदोबस्त झाला तेव्हा प्रथम मोजणी झाली, मग मौजावार नकाशे झाले, मग प्रत्येक शेताला खसरा क्रमांक पडला, आणि त्यानंतर दप्तर बांधले गेले. सारा ठरवण्याचा प्रश्न या सर्वांच्या पाठोपाठ आला. पुढे वाटण्या झाल्या तशी त्याच क्रमांकाला बटे लागत गेली आणि मूळच्या सुबोध नोंदी हळूहळू किचकट झाल्या, हेही भंडाऱ्याच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. नव्या पत्त्यांचा बंदोबस्तही याच क्रमाने व्हावा, आणि बटे पडण्याची पाळी येऊ नये इतकी जागा आरंभीच मोकळी ठेवावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आमच्याकडे बहुधा उलटे होते. कोणी विक्रेता येतो, नवी यंत्रे बसवून जातो, एखादा उत्साही प्राध्यापक ती चालू करतो, त्याची बदली झाली म्हणजे कोणत्या खोलीत कोणते उपजाळे आहे हे सांगणारा कोणी उरत नाही.

मोजणी म्हणजे येथे यादी. संस्थेत राउटर किती, स्विच किती, वाय-फायची केंद्रे किती, फायरवॉल कोणती, छपाईयंत्रे, कॅमेरे, हजेरीची बोटठशाची यंत्रे आणि ग्रंथालयाची संगणक-प्रणाली कोणती, आणि यातील प्रत्येकाला सहावी आवृत्ती कळते काय, हे एका नोंदवहीत उतरले पाहिजे. ही नोंद करू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस येते. विंडोजच्या २००७ साली आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून जवळजवळ सर्व संगणकांत, आणि आजच्या सर्व फोनांत, सहावी आवृत्ती उपजतच चालू असते. म्हणजे ज्या महाविद्यालयाने ती स्वीकारण्याचा विचारही केलेला नाही, त्याच्या तारांवरूनही तिची पॅकेटे अहोरात्र फिरत असतात. फक्त त्यांच्याकडे पाहणारे कोणी नसते. एखाद्या विद्यार्थ्याच्या यंत्राने, खोडीने असो वा चुकीच्या मांडणीने, ‘मीच येथला राउटर आहे’ अशी घोषणा केली तर शेजारची यंत्रे तिच्यावर निमूटपणे विश्वास ठेवतात आणि आपला व्यवहार त्याच्या हवाली करतात. अशा बनावट घोषणा अडवण्याची सोय चांगल्या स्विचांमध्ये असते, परंतु ती चालू करावी लागते. ‘आम्हाला अद्याप गरज नाही’ असे म्हणणाऱ्या संस्थाचालकांनी या एका गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

आता आखणीकडे वळू. जे १६ बिट संस्थेच्या हाती राहतात ते षोडशमान पद्धतीने लिहिले असता चार अंकस्थाने होतात, आणि प्रत्येक स्थानी सोळा चिन्हे येऊ शकतात. या चार स्थानांना अर्थ द्यावा, म्हणजे पत्ता वाचताच तो कोठला व कशासाठी हे जाणत्याला कळेल. पहिले स्थान इमारतीला द्यावे की उपयोगाला, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. ज्या विद्यापीठाचे विभाग शहरभर वेगवेगळ्या परिसरांत पसरले आहेत, जसे नागपूर विद्यापीठाचे आहेत, त्याने परिसराला प्रथम स्थान देणे श्रेयस्कर, कारण मग एका परिसराकडे जाणारी सारी वाट राउटरमध्ये एकाच ओळीत मावते. एकाच आवारात नांदणाऱ्या महाविद्यालयाने मात्र उपयोगाला प्रथम स्थान द्यावे. विद्यार्थी, अध्यापक, कचेरी, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कॅमेरे व पाहुणे असे वर्ग पाडले म्हणजे फायरवॉलमधला एखादा नियम, उदाहरणार्थ पाहुण्यांनी कचेरीच्या संगणकांकडे जाऊ नये हा, एका वाक्यात लिहिता येतो. इमारती वाढतात, वर्ग या खोलीतून त्या खोलीत जातात, पण पाहुणा आणि कचेरी यांतले अंतर कायम राहते. सोळा चिन्हांपैकी सात-आठच वापरून बाकीची रिकामी ठेवण्यात कृपणतेची सवय लागलेल्या जुन्या मंडळींना अपव्यय दिसेल. त्यांची सवय चौथ्या आवृत्तीच्या टंचाईने घडवलेली आहे आणि नव्या आखणीत तीच सर्वांत नडते.

हा उपसर्ग मिळवायचा कोठून? त्यासाठी दोन मार्ग आहेत. राष्ट्रीय ज्ञान जाल, ज्याला २०१० च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ज्याची उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केली, त्याच्याशी जोडलेल्या संस्थेने तेथे मागणी करावी. खासगी पुरवठादार किंवा बीएसएनएल यांची जोडणी असलेल्या महाविद्यालयाने आपल्या पुरवठादाराकडे. दुसरा मार्ग म्हणजे निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन या भारतीय निबंधकाकडून स्वतःच्या नावे पत्ते घेणे. स्वतःचे पत्ते असले म्हणजे पुरवठादार बदलला तरी ते बदलत नाहीत, हा मोठा लाभ; परंतु त्या पत्त्यांची वर्दी जगभरच्या राउटरांना देत राहण्यासाठी जी तांत्रिक सिद्धता व जो खर्च लागतो तो विद्यापीठाला झेपेल, मोहाडी-लाखनीच्या महाविद्यालयाला झेपणे कठीण. लहान संस्थांनी पुरवठादाराचाच उपसर्ग घ्यावा, पण आपली चार अंकस्थाने अशी पक्की ठेवावीत की उद्या पुरवठादार बदलला असता केवळ पुढचा भाग बदलेल आणि आतली आखणी जशीच्या तशी राहील. विद्यापीठाने सर्व संलग्न महाविद्यालयांसाठी या आखणीचा एकच नमुना परिपत्रकाने कळवला, तर प्रत्येकाचे श्रम वाचतील.

जुने बंद करून नवे सुरू करण्याचा दिवस नेमता येत नाही का, असे कोणी विचारील. एकदा तसे झाले होते. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या आद्य जाळ्यातील संगणकांनी जुना प्रोटोकॉल सोडून चौथी आवृत्ती धारण केली, आणि ते शक्य झाले कारण संगणक मोजके होते व चालवणारे एकमेकांना ओळखत होते. आता तसा हुकूम काढणे कोणाच्याही हाती नाही. म्हणून दोन्ही आवृत्त्या एकाच जाळ्यात शेजारी शेजारी नांदवाव्या लागतात, आणि संगणक ज्या वाटेने लवकर उत्तर मिळेल ती वाट आपण होऊन धरतो. या सहवासाचा दोष असा की काम दुप्पट होते: नियम दोनदा लिहायचे, दोष दोनदा शोधायचे. म्हणूनच अलीकडे असा प्रघात पडत आहे की, ज्या फोनला जुन्या पत्त्यावाचून भागते त्याने जाळ्याला तसे कळवावे आणि जाळ्याने होकार दिला तर जुना पत्ता घेऊच नये; जुन्या संकेतस्थळांसाठी दारात भाषांतर करणारे यंत्र असले म्हणजे विद्यार्थ्याला काही जाणवतही नाही. वसतिगृहाच्या वाय-फायपुरती ही पद्धत उत्तम.

सुरक्षेच्या प्रकरणात दोन भ्रम दूर केले पाहिजेत. पत्ते दडवण्याच्या युक्तीमुळे आपले संरक्षण होते असे पुष्कळांना वाटते. खरे संरक्षण फायरवॉलच करते, आणि सहाव्या आवृत्तीसाठी तिचे नियम स्वतंत्रपणे लिहावे लागतात. चौथीचे नियम आपोआप सहावीला लागू होत नाहीत, आणि नव्या जोडणीत सर्वाधिक धोका येथेच असतो. दुसरा भ्रम याच्या उलट टोकाचा. जाळ्याच्या प्रकृतीचे निरोप पोहोचवणारा आयसीएमपी नावाचा जो उपप्रोटोकॉल आहे तो सरसकट बंद करण्याची जुन्या कारभाऱ्यांना खोड असते. सहाव्या आवृत्तीत वाटेवरचा राउटर मोठ्या पॅकेटाचे तुकडे करीत नाही; ‘हे फार मोठे आहे, लहान करून पाठव’ असा निरोप तो परत धाडतो. हा निरोपच अडवला तर काही संकेतस्थळे उघडतात, काही अर्धवट उघडून थिजतात, आणि दोष पुरवठादाराचा की आपला या वादात आठवडे जातात.

नोंदींचे दायित्व तर कायद्यानेच आले आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने दिलेल्या निर्देशांप्रमाणे सरकारी संस्थांना व अन्य अनेकांना आपल्या संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. नव्या आवृत्तीत अँड्रॉइड फोन मध्यवर्ती यंत्राकडून एकेक पत्ता मागून घेत नाहीत. उपसर्ग कळला की उरलेला भाग ते स्वतः तयार करतात, आणि खासगीपणासाठी तो वेळोवेळी बदलतातही. तेव्हा पत्ता कोणाला दिला याची वही ठेवण्याची जुनी रीत येथे निरुपयोगी ठरते. राउटरच्या शेजार-कोष्टकातून आणि वाय-फायच्या प्रवेशनोंदींतून ही माहिती सतत गोळा करण्याची तजवीज आधीच करावी लागते. पोलिसांचे पत्र आल्यावर ती करता येत नाही.

ग्रंथपालांना या चर्चेत कोणी बोलावत नाही, ही मोठी उणीव आहे. शोधनियतकालिकांचे बरेच प्रकाशक वर्गणीदार संस्थेची ओळख तिच्या आयपी पत्त्यांवरून पटवतात. संस्थेचे संगणक एके सकाळी नव्या पत्त्यांनी बाहेर पडू लागले आणि ते पत्ते प्रकाशकाच्या दप्तरी नोंदलेले नसले, तर पैसे भरलेली नियतकालिके संशोधकांना बंद दिसतील, आणि मग नव्या आवृत्तीलाच दोष देऊन ती बंद करण्याचा ठराव होईल. प्रकाशकांना आगाऊ कळवण्याचे एक पत्र हा सारा अनर्थ टाळू शकते.

कामाची वेळही आपल्या पंचांगाने ठरवावी. नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी व उन्हाळी परीक्षांच्या हंगामात जाळ्याला हात लावू नये, हे उघड आहे. प्रवेशाच्या धामधुमीतही नव्हे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ग्रामीण महाविद्यालयांतील उपस्थिती रोडावते, तेवढ्या अवधीत एखाद्या प्रयोगशाळेत नवी आवृत्ती चालू करून पाहता येईल. प्रथम संगणकशास्त्राची प्रयोगशाळा, म्हणजे विद्यार्थ्यांचे शिक्षणही होते, मग संस्थेचे संकेतस्थळ व टपालसेवा, मग वाय-फाय, आणि कचेरीचे लेखा विभागाचे संगणक सर्वांत शेवटी. तेथे जुनी सॉफ्टवेअरे असतात आणि पगारपत्रक अडले म्हणजे सुधारणेचा उत्साह झटकन ओसरतो.

शासनाच्या बाजूने हुकुमांची उणीव नाही. दूरसंचार विभागाने २०१० च्या जुलैत पहिला राष्ट्रीय आराखडा व २०१३ च्या मार्चमध्ये दुसरा प्रसिद्ध केला, आणि पुढे २०२१ मध्ये सुधारित मुदती देऊन सरकारी संस्थांनी ३० जून २०२२ पर्यंत हे संक्रमण पुरे करावे असे कळवले. मुदती आल्या आणि गेल्या. संस्थेच्या एका नेमलेल्या माणसाकडे हे काम सोपवून त्याच्या वेळापत्रकातून त्यासाठी तास काढून दिल्याखेरीज असा कोणताही आराखडा जमिनीवर उतरत नाही, आणि आमच्या महाविद्यालयांत ते तास बहुधा कोणीच काढून देत नाही. पैशाचा प्रश्न त्यामानाने गौण आहे, कारण जुनी यंत्रे पाच-सात वर्षांनी बदलावीच लागतात. बदलताना नव्या आवृत्तीची अट घातली तर वेगळा खर्च फारसा उरत नाही.

म्हणून भंडारा जिल्ह्यातील प्राचार्यांना व संस्थाचालकांना एवढीच विनंती आहे की, स्विच, राउटर किंवा वाय-फाय यांच्या खरेदीची पुढची निविदा जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी तीत सहाव्या आवृत्तीच्या पूर्ण कार्यक्षमतेची अट स्पष्ट शब्दांत घालावी, आणि त्याच दिवशी आपल्या पुरवठादाराला ४८ बिटांच्या उपसर्गाची मागणी करणारे पत्र जावक क्रमांक घालून रवाना करावे.